फेरिटिन १,८४०, सीरम आयर्न २२: आईच्या अंगात लोह जास्त आहे की कमी?

सांगली जिल्ह्यातील एका वाचक भगिनीचे पत्र थोडक्यात असे आहे: “माझी आई ६१ वर्षांची असून तिला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. लघवीतला संसर्ग मूत्रपिंडात आणि तिथून रक्तात पसरला, रक्तदाब उतरला आणि ती नऊ दिवस आयसीयूत होती. लघवी आणि रक्त, दोन्हींच्या कल्चरमध्ये ई. कोलाय हा जंतू निघाला. तिसऱ्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये फेरिटिन १,८४०, सीरम आयर्न २२, टीआयबीसी १७८, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन १२ टक्के, सीआरपी २१४ आणि हिमोग्लोबिन ८.६ असे आकडे आहेत. फेरिटिनसमोर वर जाणारा बाण आहे आणि आयर्नसमोर खाली जाणारा. डिस्चार्जच्या दिवशी फेरिटिन ६२० आणि हिमोग्लोबिन ८.४ होते. घरी येऊन आता बारा दिवस झाले. काका म्हणतात, अंगात लोह साचले आहे, रक्त काढून टाकायला हवे. मावशी म्हणते, रक्त आटले आहे, तिथे लोहाचे इंजेक्शन का दिले नाही? ती खजूर, गूळ आणि बीट घेऊन आली आहे. मी भीतीने लोखंडी कढई वापरणे बंद केले. आजारपणाच्या चार महिने आधी हिमोग्लोबिन १०.२ आणि एमसीव्ही ७१ होते, तेव्हा कोणी काही बोलले नव्हते. आता लोहाच्या गोळ्या सुरू करू का? आणि दवाखान्यात आईला रक्त का चढवले नाही, हा प्रश्न मनातून जात नाही.”

प्रिय भगिनी,
सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र आणि सोबतचे रिपोर्ट मी दोनदा नीट वाचले. सेप्सिस म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसादच बेताल होऊन अवयव धोक्यात येण्याची अवस्था. मधुमेह असताना, रक्तदाब उतरलेला असताना आई त्यातून बाहेर पडून स्वतःच्या घरी आली आहे, याचा मला मनापासून आनंद आहे.

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देते. आईच्या अंगात लोह साचलेले नाही, त्यामुळे रक्त काढून टाकण्याचा विचार कोणीही करू नये. लोहाची गोळी आज, घाईने, स्वतःच्या मनाने सुरू करू नये. आणि चार महिन्यांपूर्वीचा एमसीव्हीचा तो ७१ हा आकडा, ज्याच्याबद्दल कोणी काही बोलले नाही, तो मला १,८४० पेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. असे का, ते सविस्तर सांगते.

निरोगी माणसाच्या शरीरात साधारण तीन ते चार ग्रॅम लोह असते. त्याचा मोठा भाग तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनमध्ये असतो आणि उरलेल्यातला बराचसा यकृतात व पांथरीत साठवलेला असतो. रक्तद्रवात, म्हणजे ज्या पिवळसर द्रवातून ‘सीरम आयर्न’ मोजतात त्यात, कोणत्याही क्षणी सगळे मिळून जेमतेम तीन मिलीग्रॅम लोह फिरत असते; खसखशीच्या आठ-दहा दाण्यांचे वजन भरेल एवढेच. मात्र ही चिमूट सतत वाहती असते. जुन्या झालेल्या तांबड्या पेशी पांथरीतल्या भक्षक पेशी गिळतात, त्यांतले लोह सोडवून परत रक्तात देतात, आणि ट्रान्सफेरिन नावाचे प्रथिन ते अस्थिमज्जेपर्यंत, म्हणजे नव्या तांबड्या पेशी जिथे बनतात तिथपर्यंत, वाहून नेते. दिवसभरात असे २० ते २५ मिलीग्रॅम लोह हातोहात फिरते, तर अन्नातून रोज आत येणारे लोह केवळ एक ते दोन मिलीग्रॅम असते. याचा अर्थ असा की भक्षक पेशींनी लोह परत देणे थांबवले, तर रक्तातले लोह काही तासांतच घसरते, मग शरीरातला साठा भरलेला असो वा रिकामा. आईच्या बाबतीत नेमके हेच झाले.

तुम्ही सांगलीकडच्या आहात, म्हणून हरिपूरच्या हळदीच्या पेवांची आठवण करून देते. जमिनीत खोल खणलेल्या पेवात हळद भरायची आणि तोंड मातीने बंद करायचे, ही तिकडची जुनी रीत. पेवे बंद असताना बाजारात हळद दिसत नाही, पण म्हणून हळद संपली असे कोणी म्हणत नाही. गंभीर संसर्गात शरीर लोहाची पेवे अशीच बंद करते. जंतूंची चाहूल लागताच संरक्षक पेशी इंटरल्यूकिन-६ हा रासायनिक निरोप सोडतात. करोनाच्या काळात ‘आयएल-६’ हे नाव आपल्याकडे घराघरांत पोहोचले होते, ते हेच. हा निरोप मिळाला की यकृत हेपसिडिन नावाचे छोटे संप्रेरक तयार करते. पेशीतून लोह बाहेर पडण्याचे एकच दार असते, त्याला फेरोपोर्टिन म्हणतात; हेपसिडिन त्या दाराला चिकटते आणि दारच मोडीत काढते. मग भक्षक पेशींतले लोह आत अडकून राहते आणि आतड्यातून शोषले जाणारे लोहही आतड्याच्या पेशींतच थांबते. हेपसिडिनचा शोध २००० च्या सुमारास लागला आणि ते दार कसे बंद करते हे २००४ मध्ये स्पष्ट झाले. माझ्या पिढीतले अनेक डॉक्टर या संप्रेरकाचे नावही न ऐकता पदवीधर झाले, हे लक्षात घेतले तर जुन्या समजुती अजून का टिकून आहेत, हे कळते.

शरीर हा खटाटोप करते, कारण जंतूंनाही वाढायला लोह लागते. १९४४ मध्ये आर्थर शेड आणि लिओना कॅरोलाइन या अमेरिकी संशोधकांनी कोंबडीच्या कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकात जंतू का वाढत नाहीत, याचा शोध घेतला. त्यात लोह मिसळले की तेच जंतू जोमाने वाढू लागत. म्हणजे बलकातले एक प्रथिन लोह घट्ट धरून ठेवून जंतूंची उपासमार करत होते. दोनच वर्षांनी त्यांनी माणसाच्या रक्तातही तसेच लोह धरून ठेवणारे प्रथिन असल्याचे दाखवले, आणि आज आपण त्यालाच ट्रान्सफेरिन म्हणतो. त्यांनी तपासलेल्या जंतूंमध्ये ई. कोलायही होता, ज्याने तुमच्या आईला आयसीयूपर्यंत नेले. हा जंतू गप्प बसत नाही. तो लोह ओढून आणणारा एक रेणू बाहेर सोडतो. आपल्या पांढऱ्या पेशी तो रेणू मधल्या मध्ये पकडणारे प्रथिन सोडतात, आणि मूत्रमार्गात रोग करणाऱ्या ई. कोलायच्या काही जाती त्या प्रथिनाला चकवणारा दुसरा रेणू बनवतात. ‘सीरम आयर्न २२’ हा कोरडा आकडा अशा ओढाताणीतून आलेला आहे. त्या तिसऱ्या दिवशी आईच्या रक्तातले लोह कमी असणे ही तिच्या शरीराने जाणूनबुजून केलेली कोंडी होती.

आता फेरिटिनकडे वळू. फेरिटिन हे लोह साठवणाऱ्या प्रथिनाचे नाव आहे. त्याच्या एका पोकळ गोळ्यात लोहाचे सुमारे साडेचार हजार अणू मावतात. निरोगी माणसात रक्तातले फेरिटिन पाहून साठ्याचा अंदाज चांगला येतो, म्हणून ते मोजतात. पण संसर्गात यकृत आणि भक्षक पेशी फेरिटिन जास्त प्रमाणात बनवू लागतात, आत ठेवायला तेवढे लोह असो वा नसो, आणि पेशींना इजा झाली की ते रक्तात सांडतेही. रक्तात मोजले जाणारे फेरिटिन लोहाच्या बाबतीत जवळजवळ रिकामेच असते. पेवे नुसती खणून ठेवली आणि बाहेरून कोणी त्यांची तोंडे मोजून ‘यंदा हळद अमाप’ असे म्हटले, तर ते जेवढे खरे ठरेल, तेवढाच ‘फेरिटिन १,८४० म्हणजे लोह अमाप’ हा काकांचा निष्कर्ष खरा आहे. अशा वेळी हा आकडा दाह किती पेटला आहे ते सांगतो. कोठारात माल किती आहे ते सांगत नाही. संसर्ग आटोक्यात आल्यावर तो १,८४० वरून ६२० वर आला, ही चांगली खूण आहे, लोह ‘संपत चालल्याची’ नव्हे. सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारे रक्तातले प्रथिन, झपाट्याने उतरतो, फेरिटिन त्यामानाने रेंगाळत उतरते, म्हणून डिस्चार्जच्या दिवशी ते ६२० होते याचीही काळजी नको.

काकांच्या शंकेला रिपोर्टमध्येच आणखी एक उत्तर आहे. टीआयबीसी म्हणजे ट्रान्सफेरिन एकूण किती लोह वाहू शकते त्याचे माप. संसर्गात यकृत ट्रान्सफेरिन कमी बनवते, म्हणून ते १७८ पर्यंत उतरले. नुसत्या लोहाच्या कमतरतेत ते उलट वाढते. २२ ला १७८ ने भागले की १२ टक्के येतात, म्हणजे लोह वाहणाऱ्या शंभर जागांपैकी बारांवरच लोह होते. खरोखर लोह साचण्याच्या आजारात हे प्रमाण सहसा ४५ टक्क्यांच्या वर असते. बारा टक्के असताना, हिमोग्लोबिन साडेआठच्या आसपास असताना, एखाद्या बाईचे रक्त काढणे हा तिच्यावर अन्याय होईल. काकांना हे प्रेमाने, पण ठामपणे सांगा.

या ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनची एक गोष्ट थोडी विषयाच्या कडेची आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. गंभीर संसर्गात हा आकडा कमी असणे अपेक्षित असते. जर्मनी आणि ऑस्ट्रियातील अतिदक्षता विभागांत झालेल्या अभ्यासांत मात्र असे दिसले, की ज्या अत्यवस्थ रुग्णांमध्ये ट्रान्सफेरिन फार उतरलेले आणि सॅच्युरेशन चढलेले होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण जास्त होते. म्हणजे लोह लपवण्याची यंत्रणा कोलमडली, पेशी फुटून लोह मोकळे झाले आणि ते धरून ठेवायला वाहकच उरले नाहीत, तर धोका वाढतो. मोकळे लोह जंतूंना पोसते आणि आपल्या पेशींनाही जाळते. मधुमेहींसाठी याला आणखी एक बाजू आहे. साखर फार वाढून रक्त आम्लधर्मी झाले की ट्रान्सफेरिनची लोहावरची पकड सैल होते, आणि म्युकरमायकोसिसची बुरशी अशा मोकळ्या लोहावर फोफावते. २०२१ मध्ये महाराष्ट्राने ही बुरशी किती डोळे आणि जबडे घेऊन गेली ते पाहिले आहे. आईची साखर ताब्यात ठेवणे हे लोहाच्या दृष्टीनेही औषधच आहे.

फेरिटिन फार वर गेले तर डॉक्टर वेगळा विचार करतात, हेही सांगून ठेवते, कारण अशा रिपोर्टचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतात आणि घबराट होते. आकडा दहा हजारांच्या पुढे गेला, ताप उतरत नसला, पांथरी वाढली, तांबड्या व पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट यांपैकी दोन-तीन एकदमच घटू लागल्या, तर भक्षक पेशी स्वतःच्याच रक्तपेशी गिळत सुटण्याचा एक दुर्मीळ पण जीवघेणा विकार शोधावा लागतो. डेंग्यू, स्क्रब टायफस, लेप्टो अशा पावसाळी आजारांनंतरही तो उद्भवू शकतो. आईच्या रिपोर्टमध्ये यातले काहीही नाही. गंभीर संसर्गात १,८४० सारखा आकडा अनेकदा दिसतो.

आता मावशींचा प्रश्न: लोहाचे इंजेक्शन का दिले नाही? वर सांगितलेल्या कारणामुळेच. रक्तात जंतू असताना शिरेतून लोह देणे म्हणजे शरीराने कष्टाने बंद केलेले कोठार बाहेरून उघडून देण्यासारखे आहे. शिरेतून लोह देण्याच्या अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या, तर संसर्गाचा धोका थोडा वाढलेला दिसतो, म्हणून सक्रिय संसर्ग असेपर्यंत ते टाळावे असाच वैद्यकीय सल्ला असतो. शिवाय हेपसिडिन चढलेले असताना दिलेले लोह भक्षक पेशींतच अडकते आणि अस्थिमज्जेला त्याचा फारसा उपयोग होत नाही. तोंडाने दिलेल्या गोळीची गत तर आणखी वाईट, कारण ती आतड्यातच अडते आणि पोट मात्र बिघडवते. लोह सरसकट द्यावे ही समजूत किती महाग पडू शकते, हे टांझानियातील पेंबा बेटावरच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाने दाखवले. मलेरिया पसरलेल्या त्या बेटावर लहान मुलांना तपासणी न करता रोज लोह आणि फॉलिक ॲसिड दिल्यावर गंभीर आजारपण आणि मृत्यू वाढले. पण त्याच अभ्यासात, ज्या मुलांना खरोखर लोहाची कमतरता आणि रक्तक्षय होता आणि ज्यांची तपासणी व देखभाल झाली, त्यांना लोहाचा फायदा झाला. लोह वाईट नाही. कोणाला, केव्हा आणि काय तपासून द्यायचे, हा प्रश्न आहे.

रक्त न चढवल्याबद्दल तुमच्या मनात सल आहे. तो काढून टाका. स्कँडिनेव्हियन देशांत सेप्टिक शॉकच्या सुमारे एक हजार रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. त्यात एका गटाला हिमोग्लोबिन ९ पर्यंत आले की रक्त देत होते आणि दुसऱ्याला ७ पर्यंत उतरल्यावर. नव्वद दिवसांनंतर दोन्ही गटांतले मृत्यूचे प्रमाण जवळपास सारखेच होते आणि दुसऱ्या गटाला रक्त मात्र बरेच कमी लागले. हृदयविकार किंवा चालू रक्तस्राव नसेल, तर ८.६ ला रक्त न देणे हा हलगर्जीपणा नाही. तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. रक्ताच्या एका पिशवीतून दोनशे मिलीग्रॅमहून अधिक लोहही आत जाते, हे वरच्या सगळ्या विवेचनानंतर तुमच्या लक्षात येईलच.

मावशींचे म्हणणे पूर्ण चुकीचे नाही, असे मी म्हणते, ते पुढच्या भागासाठी. आईचे हिमोग्लोबिन घसरायला संसर्ग कारणीभूत होताच: दाहामुळे मज्जा मंदावते, तांबड्या पेशींचे आयुष्य घटते आणि साठ्यातले लोह मिळत नाही. आयसीयूतल्या तपासण्यांसाठी घेतलेल्या रक्ताचाही त्यात वाटा असतो. युरोपातल्या एका मोठ्या पाहणीत हे प्रमाण दिवसाला सरासरी ४० मिलिलिटरच्या आसपास निघाले होते. नऊ दिवसांचे तेवढे धरले तर साडेतीनशे मिलिलिटर रक्त, आणि त्याबरोबर अंदाजे शंभर मिलीग्रॅम लोह गेले. रोज अन्नातून एक-दोन मिलीग्रॅम मिळवणाऱ्या शरीराला ते भरून काढायला महिने लागतात. पण हिमोग्लोबिन १०.२ आणि एमसीव्ही ७१ हे आकडे आजारपणाच्या चार महिने आधीचे आहेत, जेव्हा ना ताप होता ना आयसीयू. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान. ते साधारण ८० ते १०० असावे. ७१ म्हणजे पेशी लहान राहिल्या आहेत, आणि आपल्याकडे त्याचे सर्वांत सामान्य कारण लोहाची जुनी कमतरता हे असते. थॅलेसेमिया मायनर हा सौम्य आनुवंशिक रक्तदोष हे दुसरे कारण असू शकते, पण त्यात एमसीव्ही लहानपणापासूनच कमी असते. जुने रिपोर्ट मिळाले तर लगेच उलगडा होईल.

माझ्या थोरल्या मामांची हकिकत इथे सांगते, कारण त्यामुळेच मी या विषयात एवढी आग्रही झाले. त्यांना न्यूमोनिया झाला होता, सीआरपी दीडशेच्या पुढे, हिमोग्लोबिन ९.८ आणि फेरिटिन ६४. लॅबच्या कागदावर फेरिटिनसमोर बाण नव्हता, कारण ६४ ‘नॉर्मल’ मर्यादेत बसत होते. ‘साठा ठीक आहे, आजारपणाचा अशक्तपणा आहे’ असे ठरले, टॉनिकची बाटली मिळाली आणि फाइल मिटली. मी तेव्हा शिकत होते. तो कागद मीही हातात घेऊन पाहिला होता आणि मलाही त्यात काही खटकले नाही. वर्षभराने मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूचा कर्करोग सापडला, जो इतके दिवस थेंबथेंब रक्त गाळत होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनेनुसार निरोगी प्रौढात फेरिटिन १५ पेक्षा कमी असेल तर कमतरता मानतात, पण संसर्ग किंवा दाह असताना ही रेषा ७० वर ओढायला सांगितली आहे. त्या नियमाने मामांचे ६४ हा कमतरतेचाच पुरावा होता. न्यूमोनियाने त्यावर पांघरूण घातले होते.

तुमच्या आईच्या बाबतीत १,८४० ने तेच पांघरूण घातले असण्याची मला दाट शंका आहे. म्हणून मी आग्रहाने सांगते, की हा विषय ‘फेरिटिन भरपूर आहे’ या वाक्यावर बंद होऊ देऊ नका. प्रतिजैविकांचा कोर्स पूर्ण होऊ द्या आणि बरे झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करा: सीबीसी, फेरिटिन, सीरम आयर्न, टीआयबीसी, आणि त्याच नमुन्यातून सीआरपी. सीआरपी सोबत नसेल तर फेरिटिनचा अर्थ लावताना आपण पुन्हा अंधारातच चाचपडू. सीआरपी निवळलेला असेल आणि फेरिटिन ३० च्या खाली असेल (रक्तक्षय असताना डॉक्टर १५ ऐवजी सहसा ही रेषा धरतात) तर कमतरता नक्की. सीआरपी अजून चढलेला असेल तर ७० ची रेषा आणि २० टक्क्यांपेक्षा कमी सॅच्युरेशन यांचा एकत्र विचार करावा लागतो. तरीही चित्र धूसर राहिले, तर मोठ्या लॅबमध्ये सोल्युबल ट्रान्सफेरिन रिसेप्टर ही दाहाने फारशी न बदलणारी तपासणी होते, ती तुमचे डॉक्टर सांगू शकतील. आईला मूत्रपिंडाचा संसर्ग झाला होता म्हणून क्रिएटिनिनही पाहा, कारण हेपसिडिनचा निचरा मूत्रपिंडातून होतो आणि मूत्रपिंड मंद असेल तर लोहाचा अडथळा संसर्ग गेल्यावरही टिकतो. ती बरीच वर्षे मेटफॉर्मिन घेत असेल तर बी-१२ ची पातळीही त्याच वेळी तपासून घ्या. आणखी एक लक्षात ठेवा: रक्तक्षय आणि रक्तस्राव यांमुळे तीन महिन्यांच्या साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा, आकडाही फसवा होतो, तेव्हा काही महिने घरच्या ग्लुकोमीटरवर जास्त भरवसा ठेवा.

कमतरता नक्की झाली तर दोन कामे करायची आहेत. एक, ती भरून काढणे. गोळी डॉक्टर ठरवतील. झुरिचमध्ये लोह कमी असलेल्या स्त्रियांवर झालेल्या अभ्यासांत गोळी घेतल्यावर हेपसिडिन दुसऱ्या दिवसापर्यंत चढलेले राहते आणि एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतले लोह जास्त प्रमाणात शोषले जाते असे आढळले आहे, म्हणून डॉक्टरांनी एक दिवसाआड सांगितली तर कमी मिळाले असे समजू नका. दुसरे काम अधिक महत्त्वाचे: लोह गेले कुठे, ते शोधणे. पाळी थांबलेल्या स्त्रीला लोहाची कमतरता असेल तर ‘खात नसेल नीट’ असे म्हणून सोडून देता येत नाही. जठर आणि मोठे आतडे यांची दुर्बिणीतून तपासणी करावी की नाही, हे पोटविकारतज्ज्ञांना विचारावेच लागते. बहुतेक वेळा निघते ते साधे असते, वेदनाशामक गोळ्यांनी झालेला जठरातला व्रण, मूळव्याध, जंत असे काही. पण पाहिल्याशिवाय ते साधे आहे असे धरून चालता येत नाही.

तोपर्यंत खाण्याचे म्हणाल, तर मावशींचे खजूर आणि गूळ मधुमेही आईपासून दूर ठेवा. त्यांतून मिळणारे लोह थोडे आणि साखर खूप. बीट लाल असते म्हणून रक्त वाढवते, ही समजूत रंगावरून पडलेली आहे, त्यात लोह अगदी कमी असते. ताटात चार फोडी असायला हरकत नाही, एवढेच. मोड आलेली मटकी, हरभरा, अळीव, पालेभाजी, त्यावर लिंबू पिळून, आणि जेवणानंतर तासभर चहा नाही, एवढे पुरे. चालत असेल तर मासे, मटण यांतले लोह अधिक सहज अंगी लागते. लोखंडी कढई माळ्यावर टाकली असेल तर काढून घासून पुन्हा वापरायला घ्या. अन्नातून येणाऱ्या लोहाला हेपसिडिनचा पहारा असतो. कढईतल्या भाजीने सेप्सिस होत नाही आणि फेरिटिन १,८४० ही होत नाही.

या काळात थंडी वाजून ताप आला, लघवीला जळजळ किंवा पाठीत कुशीकडे दुखू लागले, आई गोंधळल्यासारखी बोलू लागली किंवा लघवी कमी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात न्या. काळी, डांबरासारखी शौचास झाली किंवा चार पावले चालून दम लागू लागला, तरीही तसेच करा.

तपासणी सकाळी करा, कारण सीरम आयर्न दिवसभरात वरखाली होते, आणि मागच्याच लॅबमध्ये करा म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील. मधल्या काळात कोणी लोहाचे टॉनिक दिले असेल तर ते कोणते आणि केव्हापासून, हे डॉक्टरांना आधीच सांगा. जाताना आयसीयूची जाडजूड फाइल न्याच, पण डॉक्टरांसमोर उघडायची ती चार महिन्यांपूर्वीच्या त्या एका पानापासून: हिमोग्लोबिन १०.२, एमसीव्ही ७१.